सेल्युलोजचा हट्ट

वनस्पतीपासून केलेल्या पातळ पटलाने अगदी लहान रेणू गाळता येतात, अशी बातमी हल्ली दर दोन-चार महिन्यांनी कुठून तरी येते. कधी ते पटल उसाच्या चिपाडाचे असते, कधी खजुराच्या बियांचे, कधी झाडांच्या सालीतल्या तुरट द्रव्याचे. बातमीचा सूर मात्र ठरलेला: पेट्रोलियमचे युग सरले, आता झाडांची पाळी. हे पुस्तक हाती घेणाऱ्याने हा सूर चपलांबरोबर दाराबाहेरच ठेवावा. द्रावणातले लहान आणि मोठे रेणू माणसाला पहिल्यांदा नीट वेगळे करता आले तेच मुळी वनस्पतीच्या पापुद्र्यावर, आणि त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. पेट्रोलियमची पटले नंतर आली. त्यांनी वनस्पतीच्या पटलांना मागे सारले, त्यामागची कारणेही खरी होती. आता तीच जुनी पटले नव्या कामासाठी परत येत आहेत. ती का येत आहेत आणि येताना काय काय सोबत आणत आहेत, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

त्याआधी ‘लहान’ म्हणजे किती, याचा अंदाज हवा. रेणूचे वजन डाल्टनमध्ये मोजतात. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा, युरियाचा ६०, ग्लुकोजचा १८०, साखरेचा ३४२ आणि जीवनसत्त्व बी-१२ चा १३५५. औषधाच्या गोळीतले कामाचे द्रव्य बहुधा दोनशे ते हजार डाल्टनच्या टापूत असते. लांबी-रुंदीच्या हिशेबात हे रेणू नॅनोमीटरच्या आगेमागे भरतात. जिवाणू त्यांच्या हजारपट मोठा. म्हणून ‘पाणी गाळणे’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामे येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. २०१४ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या रोहित कर्णिक यांच्या गटाने पाइनच्या फांदीचा साल काढलेला तुकडा नळीत बसवला, त्यातून पाणी सोडले आणि जिवाणू अडवून दाखवले. काम सुंदर होते, पुढे त्यावर भारतातही प्रयोग झाले. पण पाण्यात विरघळलेला रंग त्या लाकडातून सरळ आरपार जातो. फांदीतल्या जलवाहिन्यांच्या भोकांना रेणू दिसतच नाही.

एवढेच कशाला, खुद्द झाडही रेणू निवडायचे काम सेल्युलोजकडून करून घेत नाही. जिवंत पेशीच्या भित्तिकेतल्या छिद्रांचे माप १९७९ मध्ये घेतले गेले. ती साधारण साडेतीन ते पाच नॅनोमीटरची निघाली. त्यातून साखर, अमिनो आम्ले, क्षार सगळे बिनदिक्कत ये-जा करतात. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवते ते भित्तिकेच्या आतले स्निग्ध पेशीपटल. भित्तिकेकडे काम आहे ते पेशीला ताठ ठेवण्याचे. म्हणून झाडाची रचना उचलून तशीच वापरू म्हटले तर आपल्या हाती रेणूंचे गाळण लागत नाही. झाडाकडून घ्यायचे ते द्रव्य. ते विरघळवायचे, साखळ्या सुट्या करायच्या आणि मग अधिक दाट, अधिक पातळ असा नवा पापुद्रा आपण घडवायचा.

इथेच सेल्युलोज आडवे येते. ग्लुकोजच्या हजारो कड्यांची ही सरळ साखळी. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना अशा घट्ट बिलगलेल्या असतात, की पाणी, अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, टोल्युईन यांपैकी कोणीही त्यांना सोडवू शकत नाही. सुती सदरा धुतल्यावर विरघळत नाही हे आपण इतके गृहीत धरतो, की त्यातले नवल जाणवत नाही. तापवून वितळवावे म्हटले तर ते वितळण्याआधी करपते. वनस्पतीच्या पटलांचा सगळा इतिहास माझ्या मते या हट्टाशी घेतलेल्या झटापटीचा इतिहास आहे. सेल्युलोजला विरघळवण्याची नवी युक्ती सापडली, की त्या पाठोपाठ नवे पटल येते. पुस्तकातली प्रकरणेही मी त्याच क्रमाने वाचली.

पहिली युक्ती गंधकाम्लाची. कागद गंधकाम्लात क्षणभर बुडवून लगेच धुतला, की पृष्ठावरचे तंतू फुगतात, अर्धवट विरघळतात आणि पुन्हा जमून भोके बुजवतात. याला वनस्पतीचे चर्मपत्र म्हणत. लंडनमध्ये टांकसाळीचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी असा कागद गटापर्चाच्या (रबरासारख्या चिकाच्या) कड्यावर ताणून बसवला, डफासारख्या त्या भांड्यात द्रावण ओतले आणि ते पाण्यावर तरंगत ठेवले. साखर आणि क्षार खाली पाण्यात उतरले. डिंक, जिलेटिन, अंड्यातले पांढरे वर राहिले. मूत्रातला युरियाही त्यांनी असाच वेगळा काढून दाखवला. १८६१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि ‘डायलिसिस’ हा शब्द त्यांनीच दिला. आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीही डायलिसिसचे केंद्र असते. आठवड्यातून दोन-तीनदा तिथे जाऊन खुर्चीत चार चार तास काढणाऱ्या माणसाच्या उपचाराचे मूळ असे एका कागदात आहे.

दुसरी युक्ती व्हिस्कोजची, १८९२ सालची. सेल्युलोजला आधी कॉस्टिक सोड्यात भिजवायचे, मग कार्बन डायसल्फाइडशी संयोग घडवायचा. त्याचा मधासारखा पिवळसर पाक होतो. तो आम्लात सोडला, की सेल्युलोज पुन्हा मूळ रूपात येते: बारीक भोकांतून सोडला तर रेयॉनचा धागा, फटीतून सोडला तर सेलोफेन. स्वित्झर्लंडच्या जाक ब्रांडेनबर्गर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेलोफेनचे यंत्र बसवले ते वेष्टनासाठी. त्याच सेलोफेनच्या नळ्या युरोपात सॉसेजवर चढवायला वापरू लागले.

नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर हीच सॉसेजची नळी घेऊन बसला होता. त्याने नळीत थोडे रक्त भरले, त्यात युरिया मिसळला, तोंडे बांधली आणि ती मिठाच्या पाण्यात हलवत ठेवली. काही मिनिटांत जवळपास सगळा युरिया पाण्यात उतरला. मग देशावर जर्मनांचा ताबा असताना कांपेन या लहान गावी त्याने ही नळी एका मोठ्या पिंपाभोवती फेऱ्याफेऱ्यांनी गुंडाळली. ते आडवे पिंप मिठाच्या पाण्याच्या टाकीत अर्धे बुडवून फिरवायचे आणि रुग्णाचे रक्त नळीतून खेळवायचे, असे ते यंत्र होते. १९४३ पासून त्याने त्यावर मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण घेतले. सुरुवातीचे जवळजवळ सगळे दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि त्या आजारातून वाचली. युद्धाच्या टंचाईत कोल्फला जे हाताशी होते तेच वापरावे लागले, आणि हाताशी होते ते लाकडाच्या लगद्यापासून केलेले. तो पापुद्रा मुद्दाम वनस्पतीचा निवडलेला नव्हता. त्या काळी दुसरे काही मिळतच नव्हते.

व्हिस्कोजची दुसरी बाजूही इथेच सांगितली पाहिजे. कार्बन डायसल्फाइड मज्जातंतूंवर आणि मनावर परिणाम करते. युरोप-अमेरिकेतल्या रेयॉन कारखान्यांत कामगारांनी त्याची किंमत मोजली, आणि ती अनेक दशके मोजली. कल्याणजवळ शहाडला रेयॉन निघू लागले तेव्हाही रसायन तेच होते. झाडापासून आलेला पापुद्रा म्हणजे आपोआप निरुपद्रवी पापुद्रा, असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण जरा सावकाश वाचावे.

तिसरी युक्ती सेल्युलोजला वेष पालटायला लावण्याची आहे आणि या पुस्तकाचा गाभा मला तिथे दिसतो. सेल्युलोजच्या साखळीवर जागोजाग हायड्रॉक्सिल गट असतात. साखळ्या एकमेकींना बिलगतात त्या यांच्याच जोरावर. त्यांतल्या बहुतेकांना अ‍ॅसिटिल गटाने झाकून टाकले, की सेल्युलोज अ‍ॅसिटेट तयार होते आणि ते अ‍ॅसिटोनमध्ये सहज विरघळते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडात रीड आणि ब्रेटन यांना दिसले, की अ‍ॅसिटेटची फिल्म दाबाखाली खाऱ्या पाण्यातले मीठ अडवते आणि पाणी सोडते. अडचण एकच, पाणी येई ते थेंबाथेंबाने. फिल्म पातळ करावी तर फाटे, जाड ठेवावी तर पाणी येईना.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याच सुमारास सिडनी लोब आणि भारतातून गेलेले श्रीनिवास सौरीराजन याच प्रश्नावर काम करत होते. त्यांनी बाजारातली अ‍ॅसिटेटची सच्छिद्र फिल्म आणली, पाण्याखाली तापवून तिची भोके आक्रसवली आणि यंत्रात बसवली. एकदा मीठ छान अडले. पुन्हा तीच फिल्म, तीच कृती, तोच दाब, आणि मीठ बेलाशक आरपार. कारण शोधता शोधता ध्यानात आले, की फिल्मच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एक बाजू खाऱ्या पाण्याकडे आली तर काम होते, दुसरी आली तर होत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच.

पुढची सारी करामत या एका निरीक्षणातून निघाली. त्यांनी स्वतःची फिल्म ओतायला घेतली: अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटोन, थोडे पाणी आणि मॅग्नेशियम परक्लोरेट. ते मिश्रण थंडगार काचेवर पसरायचे. हवेकडच्या पृष्ठावरून अ‍ॅसिटोन थोडा वेळ उडू द्यायचा, म्हणजे तिथे अ‍ॅसिटेट दाटते आणि साय धरते. मग काचेसकट सगळे बर्फगार पाण्यात बुडवायचे. पाणी आत शिरते, अ‍ॅसिटोन बाहेर पडतो आणि साईखालचे सगळे द्रव्य स्पंजासारखे जागच्या जागी थिजते. शेवटी पाऊणशे-ऐंशी अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटे शेक. तयार होणारी फिल्म सुमारे शंभर मायक्रोमीटर जाड, पण रेणू निवडणारी वरची कातडी मायक्रोमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी. बाकीचा सगळा तिला उचलून धरणारा पोकळ टेकू. जाड फिल्मची मजबुती आणि पातळ फिल्मचा वेग एकाच पापुद्र्यात आला, आणि रीड-ब्रेटन यांच्या फिल्मपेक्षा कैकपट पाणी मिळू लागले.

१९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या गावी, जिथले भूगर्भातले पाणी मचूळ होते, या पटलांवर पहिले लहानसे गावपुरवठ्याचे यंत्र सुरू झाले. आज आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर जो ‘आरओ’ टांगलेला असतो त्याचे हे थेट पूर्वज. त्याचे पहिले पटल कापसाच्या आणि लाकडाच्या सेल्युलोजचे होते, हे आरओ विकणाऱ्या दुकानदाराला ठाऊक असायचे कारण नाही. पण रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनाही ते ठाऊक नसते, तेव्हा चुटपुट लागते.

ही पटले भोकांची चाळणी असतात हा समज इथे सोडावा लागतो. मीठ अडवणाऱ्या अ‍ॅसिटेटच्या कातडीत आरपार कायमची भोके नाहीत. पाण्याचा रेणू त्या द्रव्यात विरघळतो, साखळ्यांच्या हालचालींत क्षणभर उघडणाऱ्या फटींतून पुढे सरकतो आणि पलीकडे बाहेर पडतो. मिठाचे आयन त्या द्रव्यात फारसे विरघळतच नाहीत, म्हणून मागे राहतात. गाळणे म्हणजे केवळ आकाराची निवड नव्हे. कोणाला त्या द्रव्याची संगत मानवते हेही त्यात येते. म्हणूनच पटल कशाचे आहे याला महत्त्व आहे. निव्वळ भोकाचे माप पुरेसे असते तर कापूस काय आणि प्लॅस्टिक काय, सारखेच ठरले असते.

मग ही पटले मागे का पडली? अ‍ॅसिटेटला फार आम्ल चालत नाही आणि फार अल्कलीही चालत नाही. दोन्हींत अ‍ॅसिटिल गट सुटू लागतात. सूक्ष्मजीव त्याला खातात. दाबाखाली ते हळूहळू चेपते. १९७० च्या दशकात मिनेसोटात जॉन कॅडॉट यांनी वेगळीच वाट काढली. सच्छिद्र आधार अमाइनच्या पाण्यात भिजवायचा, त्यावर आम्ल क्लोराइडचे हेक्सेनसारख्या तेलकट द्रवातले द्रावण ओतायचे. पाणी आणि तेल जिथे भेटतात त्या सीमेवर काही सेकंदांत पॉलिअमाइडचा पापुद्रा जमतो. तो अ‍ॅसिटेटच्या कातडीपेक्षा पातळ, मीठ अडवण्यात सरस, आणि आम्ल-अल्कलीला पुरून उरणारा. गोड्या पाण्याचा धंदा त्याने जिंकला आणि अजून त्याच्याच हातात आहे. या पापुद्र्याचे एक वैगुण्य आहे: क्लोरीन त्याला खाते. सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेट क्लोरीनला बऱ्यापैकी तोंड देते. म्हणून सौदी अरेबियात जेद्दाला तांबड्या समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी १९८९ मध्ये जपानी बनावटीचे ट्रायअ‍ॅसिटेटचे पोकळ तंतू बसवले गेले. नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड काढायलाही अ‍ॅसिटेटची पटले १९८० च्या दशकापासून राबत आहेत. सेल्युलोजची पटले अस्तंगत झाली असे लिहिणाऱ्यांनी या दोन ठिकाणी डोकावलेले नसते.

डायलिसिसमध्ये माघार वेगळ्या कारणाने झाली. तांबे आणि अमोनिया यांच्या द्रावणात विरघळवून केलेले सेल्युलोजचे तंतू तिथे अनेक वर्षे चालले. युरिया आणि क्रिएटिनिन ते उत्तम काढत. पण त्यांच्या पृष्ठावरचे उघडे हायड्रॉक्सिल गट रक्तातल्या प्रतिकार यंत्रणेला जागे करतात आणि उपचार सुरू होताच पहिल्या काही मिनिटांत पांढऱ्या पेशी घसरतात, हे सत्तरच्या दशकात उलगडले. शिवाय ११,८०० डाल्टनचे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन त्या तंतूंतून जात नसे. ते वर्षानुवर्षे साठून सांध्यांत बसे. आज केंद्रावर जो फिल्टर दिसतो तो बहुधा पॉलिसल्फोनचा असतो. ज्या गटांनी सेल्युलोजला त्याचा हट्टी स्वभाव दिला, तेच इथे त्याला नडले.

आता परतीची गोष्ट. लहान रेणू गाळायचे म्हणजे पाण्यातूनच गाळायचे असे नाही. तारापूर, पाताळगंगा, कुरकुंभ, लोटे-परशुराम या पट्ट्यांतल्या कुठल्याही औषधी किंवा रंग-रसायनाच्या कारखान्यात शिरा, पाण्यापेक्षा सॉल्व्हंटची उठाठेव अधिक दिसेल. टोल्युईन, मिथेनॉल, इथाइल अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटोन. औषधाचा रेणू यांपैकी कशात तरी विरघळलेला असतो, आणि तो वेगळा करायचा तर सॉल्व्हंट उकळून उडवायचा, वाफ थंड करायची, परत टाकीत भरायची. ‘सॉल्व्हंट रिकव्हरी’ला कारखान्याची बरीच वाफ जाते. जॉर्जिया टेकचे शोल आणि लाइव्हली यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेला हिशेब असा, की अमेरिकेतल्या उद्योगांची जवळपास निम्मी ऊर्जा पदार्थ एकमेकांपासून वेगळे करण्यात खर्च होते. उकळण्याऐवजी दाब देऊन पटलातून सॉल्व्हंट पिळून काढला तर उष्णता वाचते आणि उष्णतेने बिघडणारा रेणूही वाचतो. हे स्वप्नरंजन नाही. टेक्सासमधल्या ब्यूमाँटच्या तेलशुद्धी कारखान्यात १९९८ पासून वंगणतेलातले मेण काढताना वापरलेला सॉल्व्हंट पॉलिइमाइडच्या पटलांनी परत मिळवला गेला, आणि तो मोठ्या प्रमाणावर.

पण पटल सॉल्व्हंटमध्ये ठेवायचे म्हटले, की बहुतेक पॉलिमर फुगतात किंवा सरळ विरघळून जातात. त्यांना टिकवायला साखळ्या रसायनांनी एकमेकींना शिवाव्या लागतात. इथे सेल्युलोजच्या हट्टाचे मोल कळते. जे टोल्युईनला दाद देत नाही, अ‍ॅसिटोनला देत नाही, अल्कोहोलला देत नाही, ते शिवल्यावाचूनच या कामाला योग्य. विरघळवताना ज्याने घाम काढला तोच गुण इथे फुकटात मिळतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती तिसऱ्या युक्तीचा पुढचा भाग आहे. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे पटल लोब-सौरीराजन पद्धतीने, सोप्या सॉल्व्हंटमधून ओतून घ्यायचे. ते अ‍ॅसिटोनमध्ये टाकले तर विरघळेल. म्हणून आधी ते सौम्य कॉस्टिकमध्ये बुडवायचे. अ‍ॅसिटिल गट एकेक करून सुटतात, खालचे हायड्रॉक्सिल उघडे होतात, साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि पटलाचे सेल्युलोज होते. मग तेच पटल अ‍ॅसिटोनमध्ये बिनघोर राहते. विरघळण्यापुरता वेष पालटला आणि काम झाल्यावर उतरवून ठेवला. सौदी अरेबियातल्या थुवलच्या विद्यापीठात ट्रायमिथाइलसिलिल सेल्युलोज वापरून अशाच वळणाने फार पातळ थर बनवले गेले. तिथे वेष उतरवायला आम्लाची वाफ पुरते.

दुसरी वाट आयनिक द्रवांची. हे साध्या तापमानालाही द्रव राहणारे क्षार. त्यांतले काही सेल्युलोजला जसेच्या तसे विरघळवतात, हे अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातून २००२ मध्ये पुढे आले आणि त्यावर कामाचा पूर लोटला. थुवललाच खजुराच्या बियांची भुकटी विरघळवून सॉल्व्हंट गाळणारी पटले केली गेली. खजूर तिथले, बी तिथले, गरजही तिथली. नकाशावर ते प्रकरण चपखल बसते.

आपल्याकडे खजुराच्या जागी काय, असा प्रश्न वाचकाला पडेलच. उसाचे चिपाड हे उत्तर फार लवकर तोंडी येते. मी त्याबाबत थोडा साशंक आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत चिपाड वाया जात नाही. ते बॉयलरमध्ये जाते, त्यावर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मितीतून वीज विकलीही जाते. ज्याला आपण फुकटचा कचरा समजतो त्याला आधीच गिऱ्हाईक आहे. कापसाची गोष्ट जास्त जवळची आहे. जिनिंगनंतर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते ती गिरणीत वेगळी काढतात, तिला लिंटर म्हणतात. जवळजवळ निखळ सेल्युलोज. अ‍ॅसिटेट आणि तांबे-अमोनियाचे तंतू यांचा हा परंपरागत कच्चा माल. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून उभी असलेली कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, जिला सगळे ‘सिरकॉट’ म्हणतात, तिथे नॅनोसेल्युलोजचे प्रायोगिक संयंत्रही आहे. विदर्भातल्या सरकीपासून पटलापर्यंतची वाट निदान नकाशावर तरी सलग आहे. पटलाचे ज्ञान शेजारी गुजरातेत, भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत, कित्येक दशके मुरलेले आहे.

सेल्युलोजखेरीज वनस्पतीतले दुसरे द्रव्य या क्षेत्रात शिरले आहे ते म्हणजे टॅनिन, तुरट चवीचे मूळ. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा गोळा करणाऱ्यांना आणि कातडी कमावणाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हिरड्याचा काढा आणि हिराकस एकत्र केले, की काळीभोर शाई होते. टॅनिनमधले गॅलिक गट लोहाच्या आयनाला तिन्ही बाजूंनी कवटाळतात म्हणून तो काळेपणा येतो. मेलबर्नच्या फ्रँक कारुसो यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले, की टॅनिक आम्ल आणि लोहाचे द्रावण एकत्र हलवले तर कुठल्याही पृष्ठावर सुमारे दहा नॅनोमीटरचा सलग थर चढतो. शाई कागदाला का धरते हेच त्यांनी जणू नॅनोमीटरमध्ये मोजले. सच्छिद्र आधारावर असा थर चढवून रंगाचे रेणू अडवणारी पटले मग अनेकांनी केली. पाण्यात होणारे, मिनिटांत होणारे, विषारी सॉल्व्हंट न लागणारे असे हे काम आहे. आम्लात मात्र तो थर सुटतो, त्यामुळे आम्ल वापरणाऱ्या प्रक्रियेच्या जवळपासही त्याला नेता येत नाही.

टॅनिनचा दुसरा वापर कॅडॉटच्या पद्धतीतला. पाण्यात अमाइनऐवजी टॅनिक आम्ल, तेलकट बाजूला मात्र तेच पेट्रोलियमचे आम्ल क्लोराइड, तेच हेक्सेन, आणि खाली आधार पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्रिलचा. याला निबंधाच्या मथळ्यात ‘वनस्पतीजन्य’ म्हणतात. वजनाने मोजले तर त्या पटलात वनस्पतीचा वाटा कपाळावरच्या गंधाएवढा असतो. यात कोणी खोटे बोलत नाही, वरची कातडी खरोखर टॅनिनची आहे. पण शब्दाने वाचकाच्या मनात जे उभे राहते ते वेगळे. खेकड्या-झिंग्यांच्या कवचातून येणारे कायटोसानही काही जण याच पंगतीला बसवतात. ते उपयोगी असेल, वनस्पती खचित नाही.

म्हणून असे काम वाचताना मी आधी ‘कशापासून’ हे न पाहता ‘कशात विरघळवून’ ते पाहतो. डीएमएफ आणि एनएमपी हे पटले ओतण्याचे हुकमी सॉल्व्हंट प्रजननक्षमतेला अपायकारक आहेत. युरोपीय संघाने २०२० पासून एनएमपीवर आणि २०२३ पासून डीएमएफवर निर्बंध आणले. झाडाचे सेल्युलोज अ‍ॅसिटेट डीएमएफमधून ओतले तर हिरवेपणा कुठे राहिला? आयनिक द्रव उडत नाही म्हणून सुरक्षित म्हणतात, पण पटल पाण्यात बुडवले, की तो पाण्यात जातो. त्या विरळ द्रावणातून तो परत मिळवायला पुन्हा ऊर्जा लागते. सगळाच्या सगळा परत मिळाला नाही तर त्याच्या किमतीने धंदा बसतो. विरघळवण्याचा प्रश्न गंधकाम्लापासून आजवर नाव बदलत आला आहे, सुटलेला नाही.

चाचण्यांबद्दलही दोन शब्द. बरेचदा पटलाची पारख रंगाच्या द्रावणाने करतात: मिथाइल ऑरेंज, ३२७ डाल्टन; रोझ बेंगाल, हजाराच्या वर. रंग डोळ्यांना दिसतो, मोजायला सोपा. पण या रंगांच्या रेणूंवर विद्युतभार असतो. भारित पटल त्यांना आकारामुळे नव्हे तर भारामुळे हटकते. सेल्युलोज तर रंग शोषूनही घेते. खालून स्वच्छ द्रव आला म्हणजे रंग अडला, की पटलातच मुरला, हे पहिल्या तासाभरात सांगता येत नाही. सॉल्व्हंटमधला औषधाचा रेणू बऱ्याचदा भाररहित असतो, त्याच्याकडून ही सवलत मिळत नाही. पॉलिस्टायरीनच्या लहान साखळ्यांच्या मालिकेने, वजन चढते ठेवून केलेली चाचणी जास्त विश्वासाची. या पुस्तकाच्या लेखकांनी जिथे अशा चाचणीचे आकडे आहेत तिथे तेच दिले आणि जिथे फक्त रंग होता तिथे तसे नोंदवले, हे मला या पुस्तकातले सर्वांत उपयुक्त काम वाटते.

पातळपणाची चढाओढ थोडक्यात आटपतो. २०१५ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात संतनू करण, झिवेई जियांग आणि अँड्र्यू लिव्हिंगस्टन यांनी दहा नॅनोमीटरहून पातळ पॉलिअमाइडचा पापुद्रा बनवून सॉल्व्हंट गाळला. वनस्पतीची पटले तिथवर क्वचितच पोचली आहेत. पण एका मर्यादेनंतर कातडी पातळ करून फायदा मिळत नाही, कारण मग अडथळा खालच्या आधाराचा असतो. कारखान्याला विक्रमापेक्षा सलगता हवी. बशीएवढ्या तुकड्यात एकही भोक नसणे आणि मीटरभर रुंदीच्या, शेकडो मीटर लांबीच्या गुंडाळीत एकही भोक नसणे यांत फार अंतर आहे. दहा नॅनोमीटरच्या थराला धुळीचा एक कण पुरतो.

वाचकाला वाटेतल्या खाचखळग्यांची कल्पना असावी म्हणून हे सगळे आधी सांगितले. सहावे प्रकरण, ज्यात सेल्युलोज अ‍ॅसिटेट ओतून मग कॉस्टिकने त्याचे सेल्युलोज करण्याची कृती पायरीपायरीने दिली आहे, ते महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही करून पाहता येईल. काचेची पट्टी, अ‍ॅसिटेटची पावडर, अ‍ॅसिटोन, बर्फ आणि कॉस्टिक एवढेच लागते. अ‍ॅसिटोन पेट घेतो, तेव्हा बर्नर बंद आणि खिडकी उघडी. ओतलेल्या फिल्मची हवेकडची बाजू कोणती ते काचेवरून काढण्याआधी पेन्सिलीने कोपऱ्यात खूण करून ठेवावे. एक तुकडा कॉस्टिकमधून काढलेला आणि एक तसाच, असे दोन्ही अ‍ॅसिटोनच्या दोन बरण्यांत सोडावे. पहिली बरणी महिनाभर ठेवून द्यावी आणि मग त्याच तुकड्यातून सॉल्व्हंट जाण्याचा वेग पुन्हा मोजावा, कारण छापील निबंधांत नेमका हाच आकडा बहुतेक वेळा गाळलेला असतो.